चाकं जमिनीला टेकल्यावर

पाऊस ओसरला की आमच्या भागातले रस्ते खरे दिसायला लागतात. तोवर खड्ड्यांत पाणी असतं आणि सगळं कसं सपाट वाटतं. मग ऑक्टोबरचं ऊन तापतं, पाणी आटतं, आणि चाकणच्या चौकापासून आमच्या वाडीपर्यंत कंटेनरांनी काय काय करून ठेवलंय ते उघडं पडतं. माणसं चिडतात, शिव्या देतात, मोबाइलवर खड्ड्यांचे फोटो टाकतात. मी चिडत नाही असं नाही, पण माझ्या चिडण्यात थोडी भेसळ आहे. हे दिवस आले की मला कुणाकुणाचे आभार मानावेसे वाटतात. आणि ही माणसं आठवायची माझी जागाही जरा विचित्रच आहे, गाडीच्या खाली.

घटस्थापनेच्या आधीच्या रविवारी मी अंगणात गोणपाट अंथरते, जुना पंजाबी ड्रेस घालते, केसांना फडकं बांधते आणि आमच्या जुन्या गाडीखाली शिरते. पुढच्या चाकांमागचे बोल्ट बघायचे असतात. रबर चिरलंय का, नट सरकलाय का, त्यावर ओढलेली रंगाची रेघ जागेवर आहे का. शेजारच्या वावरात सोयाबीनची मळणी चाललेली असते, तिचा भुसा उडत येऊन पापण्यांवर बसतो. वाफ्यातल्या कांद्याच्या रोपाला नुकतंच पाणी दिलेलं असतं, त्याचा ओला वास येतो, आणि वारा फिरला की पलीकडच्या कारखान्यातल्या रंगाचा. आमच्या गावाची हवा कित्येक वर्षं अशीच आहे, अर्धी शेतातली, अर्धी कंपनीतली. माणसंही तशीच. शेजारच्या काकू दरवर्षी न चुकता म्हणतात, नवरात्रात बायका साड्यांचे रंग बघतात आणि आमच्या सुमनची सून बोल्टांचे. मी खालूनच हुंकार देते, कारण तोंडात टॉर्च धरलेला असतो.

सुमन म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना आई म्हणते. ज्या वर्षापासून माझं हे गाडीखाली जाणं सुरू झालं, त्या वर्षी श्रावणात त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. सगळा जन्म कांद्याच्या वाफ्यांत वाकून गेलेला. लागण करा, खुरपा, काढा, निवडा. पाठ कधी दुखायला लागली ते त्यांनाही सांगता येत नव्हतं, कारण दुखत नव्हती असा दिवस त्यांना आठवतच नव्हता. ऑपरेशन चांगलं झालं. पण डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, खरं काम आता पुढंच आहे. दर आठवड्याला चिंचवडला आणायचं, तपासून घ्यायचं, व्यायाम करवून घ्यायचा. हे महिने चुकवले तर पाठ आहे तशीच वाकडी राहील, मग काठी, आणि मग खाट.

आईंना खाटेची भीती नव्हती, गाडीची होती. आमच्या गाडीचं पुढचं चाक खड्ड्यात गेलं की खालून एक आवाज यायचा, खाड्. हातोडी आपटावी तसा. त्या आवाजाबरोबर एक हिसका वर यायचा आणि मागच्या सीटवर उशा लावून बसवलेल्या आईंच्या पाठीत जायचा. त्या ओरडायच्या नाहीत. खिडकीच्या वरचं हँडल दोन्ही हातांनी धरून ठेवायच्या आणि आम्ही विचारलं तर "व्हय, चालतंय" एवढंच म्हणायच्या. घरी आल्यावर दोन दोन रात्री त्यांना झोप लागायची नाही. एकदा भाड्याची मोठी गाडी करून पाहिली. ती दिसायला ऐसपैस होती, पण आमच्या गाडीपेक्षा जास्त आदळली.

गाडी मी चालवायचे आणि माझे सासरे, आप्पा, पुढे माझ्या शेजारी बसायचे. प्रत्येक खाड् बरोबर त्यांचा जबडा आवळला जायचा. आरशात मागे बघायचं ते टाळायचे. आप्पांना तो आवाज कुठून येतो ते नेमकं माहीत होतं, कारण नोकरीची सगळी वर्षं त्यांनी तोच भाग गाड्यांना बसवला होता.

चाकाला गाडीच्या सांगाड्याशी धरून ठेवणारा एक लोखंडी हात असतो. त्याला इकडे सगळे लोअर आर्मच म्हणतात. तो सांगाड्याला जिथं जोडलेला असतो तिथं रबराचं जाड बुश असतं आणि त्यातून आरपार बोल्ट जातो. चाक खड्ड्यात उतरलं की तो हात खालीवर होतो, रबर थोडा पीळ खातं आणि परत सुटतं. धक्का माणसापर्यंत येण्याआधी ते रबर गिळून टाकतं. आमच्या गाडीचं रबर म्हातारं झालं होतं.

आप्पांचं आणि माझं नातं तसं पहिल्यापासून गमतीचं. मला बघायला आले तेव्हा मी एका कंपनीत, जिथं तयार गाड्या बाहेर पडतात त्या शेवटच्या टोकाला, तपासणीच्या कामावर होते. हातात हिरवा मार्कर. आवळणाऱ्यानं पिवळी रेघ ओढायची, तपासणाऱ्यानं हिरवी. आवळणाऱ्यानं स्वतःच तपासायचं नाही, हा आमच्याकडचा कडक नियम. आप्पांची कंपनी वेगळी, पण पद्धत तीच. पोह्यांची बशी हातात घेऊन त्यांनी विचारलं, नक्की काम काय करता. मी सांगितलं. ते माझ्या वडिलांकडे वळून म्हणाले, म्हणजे आमच्यासारख्यांच्या चुका काढायच्या, आणि वर त्याचा पगार घ्यायचा. सगळे हसले. लग्न ठरलं ते बहुधा त्याच हसण्यात. पुढे आमच्या घरात सासू-सुनेची भांडणं झाली नाहीत, लाइन आणि क्वालिटीची मात्र रोज झाली. भाकरी जाड झाली की आप्पा म्हणायचे, लाव गं हिरवी रेघ.

भाद्रपदात गणपती गेले आणि आप्पांनी नवे आर्म आणले. माझा नवरा म्हणत होता, गॅरेजला टाका. पण नवरात्राच्या आधी सगळा तालुका गाड्या दुरुस्तीला टाकतो, गॅरेजवाला दसऱ्यानंतर बघू म्हणत होता. नवऱ्याची सेकंड शिफ्ट आणि ओव्हरटाइम चालू, त्याला वेळ नव्हता. आप्पा म्हणाले, जन्मभर जे केलं ते दारात करायला काय जातंय. त्यांनी एका सकाळी गाडी उचलली, जुने आर्म काढले, नवे बसवले आणि चाकं हवेत लोंबकळत असतानाच सगळे बोल्ट पाना लावून, दात-ओठ खाऊन आवळले. मग चाकं लावली, गाडी खाली घेतली. पुढच्या फेरीला आवाज गेला होता. आईंनी हँडल एकाच हातानं धरलं. घरी त्या दिवशी शेवयांची खीर झाली.

आनंद थोडाच टिकला. नवरात्र तोंडावर आलं आणि आवाज परत आला, आधीपेक्षा मोठा. मोशीजवळ एका खड्ड्यात असा हिसका बसला, की आईंचे डोळे पांढरे झाले. घरी पलंगावर निजवल्यावर त्यांनी आप्पांना जवळ बोलावलं.

"आता मला नेऊ नका," त्या म्हणाल्या. "आसंल तसं ऱ्हाईन मी. त्या गाडीत बसायचं म्हनलं की आदल्या रातीपास्नंच खड्डे मोजत पडते मी."

आप्पांनी खूप समजावलं. सणामुळे पुढची तारीख थेट दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची मिळाली होती. शेवटी आई एवढंच कबूल झाल्या, त्या दिवशी एकदा येईन, पण परत तसंच झालं तर पुन्हा नाव काढायचं नाही. आई शब्दाच्या पक्क्या. त्यांनी नाही म्हटलं की त्यांच्या माहेरचे देवसुद्धा त्यांना हलवू शकत नाहीत, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे आईंची पाठ सरळ व्हायची की नाही, हे आता त्या एका फेरीवर आलं होतं.

आप्पा बाहेर ओट्यावर जाऊन बसले. दुकानदारानं डुप्लिकेट माल दिला म्हणाले. मी टॉर्च घेऊन गाडीखाली वाकले. रबर नवं होतं, काळं कुळकुळीत, पण एका कडेनं पिळवटून चिरलेलं. दोन्हीकडे सारखंच. माल खराब असता तर दोन्ही बाजू इतक्या सारख्या चिरल्या नसत्या. आणि बघता बघता मला आमच्या लाइनवरची एक गोष्ट आठवली. आर्मच्या त्या बोल्टवर रेघ ओढायची ती गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच. आधी रेघ दिसली तर आम्ही गाडी बाजूला घ्यायचो. नियम पाठ होता, त्याचं कारण कुणी सांगितलं नव्हतं आणि कामाच्या घाईत विचारायला फुरसत नव्हती. आता कारण माझ्या डोळ्यांसमोर चिरलेलं लोंबत होतं.

हे आप्पांना सांगायचं कसं? घरात रेघ-रेघ म्हणून चेष्टा करणं वेगळं. इथं त्यांच्याच हातानं, त्यांच्याच बायकोसाठी केलेलं काम होतं. मी चहा केला, दोन कप घेऊन ओट्यावर बसले आणि जेवढं मला माहीत होतं तेवढं सांगितलं, जे माहीत नव्हतं ते नाही. आप्पांनी चहा तसाच ठेवला. समोरच्या रस्त्यावरून पहिल्या शिफ्टच्या बसेस माणसं सोडत परत चालल्या होत्या.

"आमच्याकडं गाडी वरनं लटकतच यायची," ते म्हणाले. "टेकलेली आमी कधी बघितलीच न्हाई."

मग ते सावकाश बोलत गेले आणि मला उलगडत गेलं. त्यांच्या जागेवर गाडीचे सांगाडे वरच्या साखळीला टांगलेले यायचे. आप्पांनी आर्म धरायचा, बोल्ट हातानं आट्यांत बसवायचा, मग हवेची गन लावायची. गन ठरल्या ठिकाणी आपोआप थांबायची. ती थांबली म्हणजे काम झालं, असं त्यांनी धरलं होतं. पुढे कुणीतरी त्याच बोल्टला परत हात लावतो, हे त्यांना ऐकून माहीत होतं. पण का लावतो, कसा लावतो, हे बघायला लाइन सोडून जायची सोय नव्हती. एक गाडी गेली की दुसरी डोक्यावर हजर. त्यामुळे घरच्या गाडीला त्यांनी त्यांच्या जागेवरचं सगळं काम चोख केलं, आणि पुढच्या माणसाचंही काम त्याच अवस्थेत, लोंबकळत्या चाकांवर, करून टाकलं. आमच्या अंगणात पुढचा माणूस नव्हता.

त्या पुढच्या माणसाचं नाव कुंडलिक. राहणार कासारवाडी. दोघं कित्येक वर्षं एका बसनं आले-गेले, कँटीनला एका टेबलावर जेवले, एकमेकांच्या पोरांच्या लग्नांत वाढायला उभे राहिले. पण एकमेकांना काम करताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मला हे तेव्हा फार अजब वाटलं. नंतर विचार केला तर लक्षात आलं, आमच्या गावात कांद्याचं असंच असतं. लागणीला येणाऱ्या बायका वेगळ्या, काढणीला येणाऱ्या वेगळ्या. जिनं रोप लावलं तिला कांदा केवढा झाला ते दिसत नाही. आणि जिच्या हातात मोठा गोल कांदा येतो, तिला तो कुणी लावला हे माहीत नसतं. तरी कांदा पिकतोच.

आप्पांनी फोन केला. फोनवर त्यांना नेमकं सांगता येईना, किंवा सांगायचं नव्हतं. ते फक्त म्हणाले, कुंडलिकराव, तुमच्या हातचं काम हाय, येता का. कुंडलिककाकांनी कशाचं काम म्हणून विचारलंसुद्धा नाही.

ते आले तो अष्टमीचा दिवस होता. तो दिवस गाठायलाच हवा होता, कारण आमच्याकडे खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पूजेला बसतात. कोयते, खुरपी, नांगराचा फाळ आणि आप्पांच्या पान्यांची पेटी. झेंडूची फुलं, हळद-कुंकू वाहिलं की दसऱ्याला उठेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. कितीही अडलं तरी आई तो नियम मोडू देणाऱ्यांतल्या नव्हत्या, जरी काम त्यांच्याच पाठीसाठी असलं तरी.

कुंडलिककाका नाशिक फाट्यावरून बसनं आले. ठेंगणे, टक्कल पडलेले, शर्टाच्या खिशाला पेन. खांद्याच्या पिशवीतून त्यांनी जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेली एक लांब वस्तू काढली. टॉर्क पाना. निवृत्त झाल्यावर नातेवाइकांच्या गाड्या बघायला म्हणून त्यांनी तो स्वतः घेतला होता. ठरवलेला जोर पुरा झाला की हा पाना टक् करतो आणि माणसानं थांबायचं असतं. किती जोर, तो आकडा प्रत्येक गाडीचा आणि प्रत्येक बोल्टचा वेगळा असतो. आमच्या गाडीचा मी तिच्या पुस्तिकेतून आधीच बघून ठेवला होता. काकांनी तो मला तीनदा वाचायला लावला, मग स्वतः चष्मा लावून वाचला.

ते गाडीखाली वाकले, चिरलेलं रबर अंगठ्यानं दाबलं आणि आप्पांकडे न बघता माझ्याकडे बघून समजावून सांगू लागले. मला वाटतं आप्पांची लाज राखायची ती त्यांची रीत होती. बोल्ट आवळला की रबराच्या आतली नळी पक्की धरली जाते. ज्या स्थितीत आवळलं, तीच रबराची विसाव्याची जागा. चाक लोंबकळत असताना आवळलं तर रबराला वाटतं आपली जागा खाली आहे. गाडी टेकली, वजन आलं, हात वर गेला, की ते बिचारं कायमचं पिळलेलं राहतं. त्यावर खड्डे. म्हणून सगळं नुसतं लागेल इतपत बसवायचं, गाडी चाकांवर उभी करायची आणि शेवटचं आवळणं मग करायचं.

ओट्यावर खुर्चीत उशी लावून बसलेल्या आई हे ऐकत होत्या. त्यांना लोअर आर्म कशाशी खातात ते माहीत नव्हतं.

"लुगडं काय बसून नेसत्यात व्हय?" त्या म्हणाल्या. "उठलं की वढनारच."

काका मोठ्यानं हसले. म्हणाले, वहिनी, कंपनीत ट्रेनिंगला तुम्हाला बोलवायला पाहिजे होतं. आप्पासुद्धा हसले. त्या वर्षात मी त्यांना मोकळं हसताना तेव्हाच पाहिलं.

मग कामाला लागलो. पावसानं अंगणातला मुरूम अजून मऊ होता, म्हणून जॅकखाली जाड लोखंडी प्लेट घातली. हँडब्रेक ओढला, गिअर टाकला, मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडाच्या पाचरी लावल्या. गाडी उचलल्यावर सांगाड्याखाली घोड्या दिल्या. घोडी म्हणजे लोखंडी तिपाई, जॅक दगा देऊ शकतो, घोडी देत नाही. आईंनी खुर्चीतून हुकूमच सोडला होता, घोड्या मला दिसल्याबिगर कुणी खाली जायचं नाही. काकांनी गाडीला दोन्ही हातांनी हलवून बघितलं, मगच आप्पा खाली गेले. आट्यांवरची माती तारेच्या ब्रशनं काढली. तेल लावायला मी निघाले होते, काकांनी अडवलं. तेलानं बोल्ट हलका फिरतो, पाना खोटं बोलतो. चिरलेल्या आर्मच्या जागी पुन्हा नवे आर्म आणले होते आणि नटही नवे, कारण त्या नटांची पकड एकदाच वापरायची असते.

नवा आर्म जागेवर धरून आप्पांनी बोल्ट बोटांनी आट्यांत बसवला. पाना लावला नाही, घाई केली नाही. आधी किंचित उलटा फिरवून आटा सापडू दिला, मग सुलटा. काका त्या बोटांकडे टक लावून बघत होते.

"आप्पा, तुमचा बोल्ट माझ्याकडं यायचा," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत एकदा बी आडवा आला न्हाई. दुसऱ्या पाळीचा आला की मला हाताला कळायचं, आज आप्पा न्हाईत."

आप्पा गाडीखालीच होते. त्यांचे फक्त पाय दिसत होते, पांढऱ्या पायजम्यातले. खालून तारेच्या ब्रशचा आवाज आला, आधीच साफ झालेल्या लोखंडावर. आई माझ्याकडे बघत होत्या आणि मी आईंकडे. ज्या कामाचं कौतुक कुणी केलं नाही, ज्याची नोंद कुठं नाही, ते एका माणसाच्या हाताला सगळी वर्षं कळत होतं, आणि सांगायचा प्रसंग मात्र आमच्या अंगणात आला. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

चाकं चढवली. घोड्या काढून गाडी खाली घेतली ती थेट जमिनीवर नव्हे, तर दोन्ही चाकांखाली रुंद, जाड लाकडी फळ्यांच्या थप्प्या ठेवून, म्हणजे वजन चाकांवर येईल आणि खाली शिरायला जागाही राहील. पाचरी परत ठोकल्या, घोड्या सावधपणे पुन्हा सांगाड्याखाली सरकवून ठेवल्या. मग बॉनेटवर दाब देऊन गाडी चार वेळा डोलवली, सगळं आपापल्या जागी विसावू दिलं. आता आवळायचं. डावी बाजू आप्पांनी घेतली. पाना हिसके न देता, सावकाश, एका दमात ओढायचा. टक्. आप्पांचा हात सवयीनं पुढे निघाला, अजून थोडं म्हणून. काकांनी नुसती मान हलवली आणि तो हात थांबला. पुढे येऊन हिरवी रेघ मी ओढली, नटावरून बोल्टवरून सांगाड्यापर्यंत, सरळ. रेघ तुटली तर नट फिरला, एवढं साधं.

उजव्या बाजूला काका म्हणाले, आता पोरीनं आवळायचं. मी आजवर हजारो नट तपासले होते, आवळला एकही नव्हता. गोणपाटावर पाठ टेकून वर बघितलं तर गाडी एकदम मोठी आणि जड वाटली. पान्यावर जोर वाढत गेला, दंड थरथरायला लागला, वाटलं जमत नाही. आणि तेव्हा टक्. तो आवाज हातातून खांद्यापर्यंत आला. मी बाहेर आले तर आप्पा मार्कर घेऊन उभे होते. इतकी वर्षं ज्या मार्करची त्यांनी टिंगल केली तो. ते खाली गेले, शर्टाच्या टोकानं नट पुसला, जिभेचं टोक दातांत धरून रेघ ओढली, आणि बाहेर येऊन मला म्हणाले, पास.

काका जेवून गेले. जाताना पाना त्यांनी सगळ्यांत कमी आकड्यावर आणला, त्याच्या आतल्या स्प्रिंगलाही विश्रांती लागते म्हणाले, आणि परत बनियनमध्ये गुंडाळला. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. पेटी पाटावर बसली. आईंनी खुर्चीतूनच फुलं वाहिली.

आता मी गाडीखाली पडून वर बघते तेव्हा हे सगळं एका रांगेत येत नाही. कधी काकांचं हसणं आधी येतं, कधी आप्पांचे पायजम्यातले पाय. मग आणखी माणसं येतात. आईंच्या ऑपरेशनआधी रक्त तपासणारी कुणी मुलगी असेल, जिचं तोंडही आम्ही पाहिलं नाही. मला शाळेत अक्षर गिरवायला लावणाऱ्या बाईंनी माझी हिरवी रेघ पाहिली नाही. प्रत्येकानं आपल्या जागेवरचं नीट केलं आणि आम्हाला पुढे सोडलं. मी देवळात जाते, हात जोडते, पण खरं सांगायचं तर मला कृतज्ञता म्हणजे काय ते कळलं त्या मुरमाड अंगणात. कुणाच्या तरी सरळ बसवलेल्या आट्यावर आपण पुढचं आवळत असतो, एवढं लक्षात राहिलं तरी माणसाचा ताठा बराच कमी होतो. माझा झाला, असं घरचे म्हणतात. भाकरीबद्दलचा मात्र गेलेला नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. आधी मी एकटीनं गाडी गावाबाहेर फिरवून आणली होती, चाकांचे नट पुन्हा तपासले होते, अलाइनमेंट करून घेतली होती. आईंना उशांमध्ये बसवलं. त्यांनी बसल्या बसल्या हँडल धरलं, दोन्ही हातांनी. आप्पा पुढे. चाकणचा चौक आला, तिथला तो कुप्रसिद्ध पट्टा आला. मी जीव मुठीत धरून चाक खड्ड्यात उतरवलं. गाडी खाली गेली, वर आली. आवाज नाही. पुढचा खड्डा, तोही गेला. आप्पा काचेतून सरळ समोर बघत होते, पण कान मागे होते. कुरुळी गेली, इंद्रायणीचा पूल गेला. मोशीजवळ, जिथं मागच्या वेळी आईंचे डोळे पांढरे झाले होते, तिथं मी अगदी बैलगाडीच्या वेगानं गेले. मागून हूं नाही की चूं नाही.

आईंची पाठ पुढे हळूहळू सरळ झाली, त्या दर आठवड्याला न कुरकुरता येत राहिल्या, पण ते सगळं नंतरचं. त्या वेळी आम्हाला काहीच माहीत नव्हतं. त्या शांततेनं आप्पा उलट घाबरले. त्यांनी मला हळूच विचारलं, "बोलत का न्हाई ती?" मागे वळून बघायचं धाडस त्यांना होत नव्हतं.

मी आरशात बघितलं. आईंचं डोकं खिडकीच्या कडेला टेकलं होतं. तोंड किंचित उघडं. हँडल सुटलं होतं, हात मांडीवर मोकळे पडले होते. श्रावणापासून त्यांना मी इतकं गाढ झोपलेलं पाहिलं नव्हतं. मी आप्पांना सांगितलं, झोपल्यात. तेव्हा कुठे ते वळले आणि बघत राहिले. चिंचवड आलं तरी ते बघतच होते.

हॉस्पिटलचं फाटक दिसायला लागलं. मी इंडिकेटर दिला. आप्पांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"वळवू नको," ते म्हणाले. "जाऊ दे सरळ. येळ हाय अजून, झोपू दे तिला."

मी इंडिकेटर बंद केला आणि गाडी सरळ नेली.